चोरलेली मूर्ती म्युझियमच्या काचेमागे पोचते कशी, आणि परत येते तेव्हा काय काय येत नाही

दर काही महिन्यांनी ही बातमी येतेच. अमुक देशाने तमुक देशाला प्राचीन वस्तू परत केल्या, फोटोत दोन झेंडे, मधे टेबलावर मूर्ती, मागे सुटाबुटातली माणसं. २०२४ मध्ये अमेरिकेने भारताला २९७ वस्तू परत केल्या तेव्हाही हेच, आणि खाली नेहमीचेच दोन सूर. एक म्हणतो इंग्रजांनी सगळं लुटून नेलं, दुसरा म्हणतो तिकडेच नीट राहिलं असतं, कशाला परत आणताय. दोघंही जरा बाजूच्याच गोष्टीवर भांडत असतात. कारण जगभरात आज जे परत केलं जातंय त्यातलं बरंचसं वसाहतीच्या काळात गेलेलंच नाहीये, ते गेलंय गेल्या पन्नास-साठ वर्षांत, काही तर लोकांच्या हातात मोबाईल आल्यानंतर, आणि ते नेणारी कुठली फौज नव्हती, पाच-सहा माणसांची साखळी होती, जिच्या एका टोकाला फावडं आहे आणि दुसऱ्या टोकाला गुळगुळीत कागदावर छापलेला लिलावाचा कॅटलॉग.

## आधी दोन प्रकार वेगळे करू

एक प्रकार म्हणजे वसाहतीच्या काळातली लूट. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहरावर (आजच्या नायजेरियातलं) हल्ला केला, राजवाडा लुटला आणि पितळेचे ओतीव फलक, पितळी मुंडकी, हस्तिदंती काम अशा हजारो वस्तू उचलून नेल्या. हे सगळं उघड उघड झालं, नोंदी आहेत, लुटीच्या ढिगात बसलेल्या अधिकाऱ्यांचे फोटोसुद्धा आहेत. इथे नेलं का हा प्रश्नच नाही, प्रश्न आहे तो तेव्हाच्या कायद्याने ही चोरी ठरते का आणि आज परत द्यायला कोण तयार आहे.

दुसरा प्रकार म्हणजे धंदा. रात्री खोदायचं किंवा देवळाचं कुलूप तोडायचं, माल देशाबाहेर काढायचा, खोटे कागद करायचे, विकायचं. हा सरळसरळ गुन्हा आहे, फक्त तो करणारे टाय लावून फिरतात म्हणून तसा वाटत नाही. पहिल्या प्रकारात वस्तू परत मिळते ती बोलणी करून, लाज वाटायला लावून. दुसऱ्यात पोलीस आणि कोर्टाच्या जोरावर. दोन्हीची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते. इथे मुख्यतः दुसऱ्याबद्दल बोलतोय, पहिल्याकडे नंतर येऊ.

## माल निघतो कुठून आणि बाहेर पडतो कसा

खोदणारा माणूस बहुतेक वेळा गरीब असतो आणि आजूबाजूला युद्ध किंवा गोंधळ असतो. सीरियातल्या अपामिया या प्राचीन शहराचे २०११ आणि २०१२ चे सॅटेलाइट फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले तर पहिल्यात सपाट जमीन आहे आणि दुसऱ्यात हजारो खड्डे, एकमेकांना चिकटून. पहारा संपला आणि वर्षभरात एवढं झालं. कंबोडियात यादवी युद्धाच्या काळात जंगलातल्या देवळांमधले पुतळे घोट्याशी कापून थायलंडच्या सीमेकडे नेले गेले. बगदाद २००३ मध्ये पडलं तेव्हा इराकच्या राष्ट्रीय म्युझियममधून सुमारे १५,००० वस्तू गेल्या. पण म्युझियममधली वस्तू निदान कुठेतरी नोंदलेली असते, हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच अडणार आहे.

शेवटी जी किंमत येते त्यातला अगदी किरकोळ वाटा खोदणाऱ्याला मिळतो. पैसा मधल्यांचा, कारण अवघड काम त्यांचं असतं, म्हणजे सीमा ओलांडणं आणि त्याहून अवघड म्हणजे वस्तूला इभ्रत मिळवून देणं.

सीमा ओलांडायच्या युक्त्या बऱ्याचदा हास्यास्पद वाटाव्या इतक्या साध्या असतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश माणसाने, पेशाने तो जुन्या वस्तूंची डागडुजी करणारा, इजिप्तमधून फॅरो (म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा) तिसऱ्या आमेनहोतेपचं दगडी शिर बाहेर काढलं. कसं, तर त्याच्यावर प्लास्टिकचा थर चढवला आणि वरून सोनेरी-काळा रंग फासला, म्हणजे टुरिस्ट लोक घेतात तसली भडक स्वस्त आठवणवस्तू दिसावी. हॉबी लॉबी या अमेरिकन कंपनीने इराकमधल्या कीलाक्षरी लिपीच्या मातीच्या पाट्या आणि मोहरा घेतल्या तेव्हा पार्सलवर लिहिलेलं होतं सिरॅमिक टाइल्स, सॅम्पल. त्या प्रकरणात २०१७ मध्ये कंपनीने ३० लाख डॉलर भरले आणि हजारो वस्तू सोडून दिल्या. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या हिशेबाची पाटी बाथरूमच्या फरशीचा नमुना म्हणून विमानाने आली.

## गाडीला आरसी बुक असतं, मडक्याला नसतं

आता खरा मुद्दा. तुम्ही सेकंडहँड गाडी घ्यायला गेलात तर पहिलं काय बघता? आरसी बुक, चेसिस नंबर, आधीचा मालक कोण, लोन फिटलंय का. चोरीची गाडी विकायची तर चोराला नंबर खोडावा लागतो, कागद बदलावे लागतात, आणि तरी कुठेतरी आरटीओत जुनी नोंद राहतेच. काल मातीतून निघालेल्या मडक्याचं असं नसतं. त्याला नंबर कधी नव्हताच, मालक कुणी नोंदलेला नव्हता, ते जमिनीखाली होतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे इथे चोराला काही खोडायचं नसतं, फक्त लिहायचं असतं. तो लिहील तिथून त्या वस्तूचा जन्म.

वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याच्या या मालकी-इतिहासाला या धंद्यात प्रॉव्हेनन्स म्हणतात. हा एकच जड शब्द लक्षात ठेवला तरी पुरे. मी यापुढे सरळ कागद म्हणेन.

आणि कागद बनवणं ही यातली खरी कारागिरी आहे. त्याच आमेनहोतेपच्या शिराबाबतीत त्या ब्रिटिश माणसाने आणि न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक शुल्ट्झ नावाच्या डीलरने मिळून १९२० च्या दशकातला एक अख्खा खासगी संग्रहच कल्पनेतून उभा केला, त्या संग्रहाची जुन्या पद्धतीची लेबलं छापली आणि ती जुनाट दिसावीत म्हणून चहात बुडवून काढली. शुल्ट्झ साधासुधा डीलर नव्हता, प्राचीन वस्तूंच्या डीलर लोकांच्या अमेरिकन संघटनेचा अध्यक्ष राहिलेला माणूस. २००२ मध्ये त्याला ३३ महिन्यांची कैद झाली.

दुसरा किस्सा मला जास्त आवडतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये नेजेमांख नावाच्या इजिप्शियन पुजाऱ्याची सोन्याने मढवलेली शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरला घेतली. सोबत इजिप्त सरकारचं एक्स्पोर्ट लायसन्स होतं, तारीख मे १९७१ ची. सगळं चोख. फक्त त्यावरचा शिक्का अरब रिपब्लिक ऑफ इजिप्तचा होता आणि मे १९७१ मध्ये त्या देशाचं अधिकृत नाव युनायटेड अरब रिपब्लिक होतं, नाव बदललं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. पेटी प्रत्यक्षात २०११ मध्ये, इजिप्तमधल्या उठावाच्या धामधुमीत चोरलेली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत म्युझियमांपैकी एक, पगारी तज्ज्ञांची फौज, आणि शिक्का कुणी वाचला नाही. वाचला नाही की वाचायचा नव्हता, हे तुम्ही ठरवा.

गिल्गामेश या प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) महाकाव्यातला स्वप्नाचा भाग कोरलेली सुमारे साडेतीन हजार वर्षं जुनी एक पाटी आहे, तिच्यासोबतच्या पत्रात लिहिलेलं की १९८१ च्या एका लिलावात ब्राँझच्या किरकोळ तुकड्यांच्या खोक्यात ही मिळाली. खोटं. २०१४ मध्ये तीच पाटी १६ लाख ७० हजार डॉलरला विकली गेली, घेणारी पुन्हा हॉबी लॉबीच. २०२१ मध्ये ती इराकला परत गेली.

## सगळे कागद १९७० च्या आधीचेच का असतात

असे दोन-चार किस्से वाचले की एक गोष्ट जाणवायला लागते, सगळ्या वस्तू १९६० च्या दशकात कुणा स्विस गृहस्थाकडे नाहीतर कुणा मुत्सद्द्याकडे होत्या म्हणे. याचं कारण कायदा आहे. १४ नोव्हेंबर १९७० ला युनेस्कोचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला की सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा आयात-निर्यात रोखायची आणि चोरलेल्या वस्तू परत करायला मदत करायची. आज १४० हून जास्त देश त्यात आहेत, पण जिथे माल विकला जातो ते देश सावकाश आले, अमेरिका १९८३ मध्ये, फ्रान्स १९९७, ब्रिटन २००२, स्वित्झर्लंड २००३, जर्मनी २००७.

हा करार मागच्या काळाला लागू होत नाही. म्हणजे १९७० च्या आधी बाहेर गेलेलं जे काही असेल त्याबद्दल तो गप्प आहे. मग म्युझियमांनी स्वतःची नियमावली करताना हेच वर्ष रेघ म्हणून धरलं, त्याआधी मूळ देशाबाहेर असल्याचा पुरावा असेल तर घ्यायचं, नसेल तर नाही. हेतू चांगला होता. पण खोटे कागद करणाऱ्याला यातून आयतं कळलं की कुठली तारीख टाकायची.

याशिवाय प्रत्येक देशाचे आपापले कायदे आहेत. भारतात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वगैरे खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. इजिप्तने १९८३ मध्ये कायदा केला की जमिनीतून निघेल ते सरकारचं. शुल्ट्झ अडकला तो यातूनच, अमेरिकन कोर्टाने म्हटलं की मूळ देशाचा कायदा जर ती वस्तू सरकारच्या मालकीची म्हणत असेल तर परवानगीशिवाय नेलेली वस्तू अमेरिकेतही चोरीचा मालच.

## "पण घेणाऱ्याला काय माहीत? त्याने तर पैसे मोजलेत"

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. गंमत अशी की याचं उत्तर कुठल्या देशात उभं राहून विचारता त्यावर आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या पद्धतीत चोराकडे मालकीच नसते, तर तो ती दुसऱ्याला देणार कुठून, त्यामुळे दहा हात बदलले तरी वस्तू मूळ मालकाची (मुदतीचे वगैरे कायदे मधे येतात ते सोडा). इटलीत उलट, चांगल्या हेतूने, रीतसर विकत घेतलं तर घेणारा मालक होतो. १९७९ चा लंडनचा एक निकाल आहे, इंग्लंडमधल्या एका संग्राहकाकडून जपानी कलावस्तू चोरीला गेल्या, चोरांनी त्या इटलीत नेऊन विकल्या, घेणाऱ्याने पुढे त्याच वस्तू लिलावासाठी परत लंडनला पाठवल्या आणि मूळ मालकाने ओळखल्या. कोर्ट म्हणालं विक्री इटलीत झाली तेव्हा इटलीचा कायदा लागणार. मालक हरला, स्वतःच्याच देशात. चोरांना हे कायदे उत्तम कळतात, माल कुठून कसा फिरवायचा हे त्यावरच ठरतं. १९९५ मध्ये युनिद्रुआ नावाच्या करारात एक मधला मार्ग निघाला, वस्तू परत करायचीच, पण घेताना खरंच नीट चौकशी केली होती हे दाखवलंत तर भरपाई मिळेल. मोठे बाजार असलेले अमेरिका-ब्रिटन त्यात आलेच नाहीत.

पण "काय माहीत" हे किती खरं असतं? १९७२ मध्ये मेट्रोपॉलिटनने युफ्रोनियोस या ग्रीक कलावंताचं रंगवलेलं, वाइन कालवायचं मोठं भांडं १० लाख डॉलरला घेतलं, तेव्हा तो विक्रम होता. सांगितलं गेलं की लेबनॉनमधल्या एका घराण्याकडे ते १९२० पासून होतं. प्रत्यक्षात रोमजवळच्या चेर्वेतेरीमधल्या थडग्यातून ते जेमतेम वर्षभरापूर्वी निघालेलं. आणि कुजबूज पहिल्या दिवसापासून होती, इटालियन पोलीस विचारत होते, पेपरात छापून येत होतं. भांडं परत गेलं २००८ मध्ये. छत्तीस वर्षं.

न्यूयॉर्कचे अब्जाधीश संग्राहक मायकेल स्टाइनहार्ट यांनी २०२१ मध्ये १८० वस्तू सोडल्या, किंमत सुमारे ७ कोटी डॉलर, आणि यापुढे आयुष्यात प्राचीन वस्तू विकत घेणार नाही असं लिहून दिलं, त्या बदल्यात खटला टळला. एखाद-दुसऱ्या वस्तूत माणूस फसू शकतो हो. एकशेऐंशी वस्तूंमध्ये फसायला मात्र न विचारण्याची सवय लागते.

## मग पकडलं जातं कसं

इथे मला हा विषय सगळ्यात रंगतदार वाटतो, कारण पकडापकडी क्वचितच एखाद्या हुशार डिटेक्टिव्हमुळे होते, बहुतेक वेळा कुणीतरी कधीतरी भलत्याच कारणाने काढलेला फोटो उपयोगी पडतो.

तमिळनाडूतल्या श्रीपुरंतान गावातलं चोळकालीन देऊळ. २००६ मध्ये तिथला ब्राँझचा नटराज चोरीला गेला, आणि हे उघडकीला यायला दोनेक वर्षं लागली. तोवर मूर्ती न्यूयॉर्कमधल्या सुभाष कपूर या डीलरच्या गॅलरीत पोचून २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने ५० लाख अमेरिकन डॉलरला घेतलीसुद्धा. कागद होतेच, सुदानच्या एका मुत्सद्द्याने १९७० च्या आसपास दिल्लीत विकत घेतल्याचे (बघा, पुन्हा तेच वर्ष). पण पाँडिचेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट १९५० च्या दशकापासून दक्षिणेतल्या देवळांमधल्या मूर्तींचे फोटो काढत आलीये, निव्वळ अभ्यासासाठी, आणि त्यातल्या १९७० नंतरच्या फोटोत हा नटराज त्याच्या देवळात उभा होता. ब्राँझची मूर्ती साच्यातून एकदाच निघते, मेण वितळून जातं आणि साचा फोडावा लागतो, त्यामुळे अगदी तशीच दुसरी नसते, ज्वाळांच्या वर्तुळातली एखादी वाकलेली ज्वाळा, एखादा खड्डा, सगळं जुळतं. १९७० मध्ये दिल्लीत विकलेली मूर्ती त्यानंतर गावच्या देवळात कशी? विषय संपला. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती दिल्लीत आणून दिली. कपूर २०११ मध्ये फ्रँकफर्टला पकडला गेला होता, पुढच्या वर्षी भारताच्या ताब्यात आला आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टाने त्याला तमिळनाडूतल्याच दुसऱ्या एका देवळातल्या चोरीबद्दल १० वर्षांची शिक्षा दिली.

कंबोडियाच्या केसमध्ये फोटो नव्हते, पाय होते. कोह केर इथल्या प्रासात चेन देवळातला दुर्योधनाचा पुतळा (हो, महाभारतातलाच, भीमाशी गदायुद्धाच्या पवित्र्यात) २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज् लिलावात आला, घोट्याखाली तुटलेला. आणि देवळात जमिनीवर दगडी चौथरा होता, त्यावर फक्त पावलं. लिलाव थांबला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये पुतळा घरी पोचला. समोरचा भीम कॅलिफोर्नियाच्या एका म्युझियममध्ये होता, तोही त्याच वर्षी आला. या सगळ्यामागे ज्याचं नाव पुन्हा पुन्हा आलं तो डग्लस लॅचफर्ड, बँकॉकमध्ये राहणारा, ख्मेर (म्हणजे प्राचीन कंबोडियन) कलेवर जाडजूड पुस्तकं काढणारा मोठा जाणकार. त्याच्यावर अमेरिकेत २०१९ मध्ये आरोप ठेवले गेले, २०२० मध्ये तो वारला, खटला चाललाच नाही. कंबोडियाच्या तपासकांना सगळ्यात जास्त माहिती दिली ती मात्र एका जुन्या चोरानेच, सांकेतिक नाव लायन. कोणत्या देवळातून काय काढलं, कुठे पुरलं होतं, त्याला पाठ होतं. २०२३ मध्ये मेट्रोपॉलिटनने लॅचफर्डशी जोडलेल्या १४ वस्तू कंबोडियाला द्यायचं जाहीर केलं.

इटलीची गोष्ट तर अशी की गुन्हेगारांनीच फोटो अल्बम करून ठेवला. जिनिव्हाच्या फ्रीपोर्टमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या कचाट्याबाहेर माल कितीही वर्षं ठेवता येतो अशा गोदामात, १९९५ मध्ये जाकोमो मेदिची या इटालियन डीलरच्या खोल्यांवर छापा पडला. आत हजारो फोटो, त्यात मातीने माखलेली, तुकडे झालेली भांडी पोलरॉइडवर टिपलेली, आणि तीच भांडी नंतर स्वच्छ, जोडलेली, म्युझियमच्या काचेमागे. त्यातले बरेच फोटो पोलरॉइडच्या अशा कॅमेऱ्यातले होते जो बाजारातच १९७२ मध्ये आला, तेव्हा "१९७० च्या आधीपासून युरोपात होतं" म्हणायची सोय राहिली नाही.

आणि नेजेमांखची पेटी? २०१८ च्या मेट गालाला (मेट्रोपॉलिटन म्युझियमचा दरवर्षीचा फॅशनचा सोहळा) अमेरिकन सेलिब्रिटी किम कार्दाशियनने सोनेरी ड्रेस घालून त्या पेटीशेजारी फोटो काढला, तो जगभर फिरला, तो अशा एका माणसानेही पाहिला ज्याने ती पेटी खोदून काढली होती आणि ज्याला त्याचे पैसे मिळाले नव्हते. तो चिडला, फोटो पुढे गेला आणि न्यूयॉर्कच्या तपासकांपर्यंत पोचला. मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या ऑफिसात २०१७ पासून याच गुन्ह्यांसाठी वेगळी तुकडी आहे, प्रमुख मॅथ्यू बॉग्डॅनोस, ज्यांनी मरीन अधिकारी म्हणून २००३ मध्ये बगदाद म्युझियमच्या लुटीचा तपास केला होता. पेटी २०१९ मध्ये इजिप्तला गेली.

## "परत आणून काय, गोदामातच पडणार ना?"

कधी कधी पडते, उगाच नाही कशाला म्हणा. मेट्रोपॉलिटनने १९९३ मध्ये तुर्कस्तानला लिडियन खजिना (तिथल्या प्राचीन लिडिया राज्यातला) परत केला, कित्येक वर्षं कोर्टात भांडून. उशाक नावाच्या छोट्या शहरातल्या म्युझियममध्ये तो ठेवला, फार कुणी बघायला जात नसे, आणि २००६ मध्ये लक्षात आलं की त्यातला पंखवाल्या समुद्री घोड्याचा सोन्याचा दागिना नकली आहे, असली केव्हाच गेलाय. म्युझियमचे संचालकच दोषी ठरले. असली तुकडा काही वर्षांनी जर्मनीत सापडला.

म्हणजे मोठ्या देशांत सुरक्षित असतं का? २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने स्वतःच सांगितलं की त्यांच्याकडच्या सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्यात, हरवल्यात किंवा खराब झाल्यात, संशय आतल्याच माणसावर, काही तर ईबेवर विकायला होत्या. बऱ्याच वस्तूंची नीट नोंदच नव्हती म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. दोन्हीकडे रोग एकच आहे, यादी नसणं.

युद्ध चालू असताना वस्तू बाहेर सुरक्षित ठेवणं हे मात्र मला पटतं, आणि ते न लाटताही जमतं. अफगाणिस्तानातल्या वस्तू स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या म्युझियमने काही वर्षं सांभाळल्या, ठेव म्हणून, आणि २००७ मध्ये काबूलला परत पाठवल्या.

## "मग सगळी म्युझियमं रिकामी करायची का?"

नाही, आणि तसं गंभीरपणे कुणी मागतही नाही. बहुतेक वस्तूंवर कुणाचा दावाच नसतो. दावा येतो तो ठराविक गोष्टींवर, आणि इथे तो वसाहतवाला पहिला प्रकार येतो. जर्मनीने २०२२ मध्ये बेनिनच्या ११०० हून जास्त वस्तूंची मालकी नायजेरियाला द्यायचा करार केला, त्यातल्या अनेक अजून जर्मन म्युझियममध्येच आहेत, पण आता उसन्या म्हणून. ब्रिटिश म्युझियम म्हणतं आमचा १९६३ चा कायदाच आम्हाला देऊ देत नाही (कायदा त्यांच्याच संसदेचा आहे, बदलता येतो, असो). मग पळवाट म्हणून उसनवारी, २०२४ मध्ये घानातल्या असांते राजघराण्याला त्यांचंच सोनं काही वर्षांसाठी प्रदर्शनात मांडायला दिलं.

आणि देशाला वस्तू परत मिळाल्यावर वाद संपतो असंही नाही. २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की बेनिनच्या वस्तूंचा मालक ओबा, म्हणजे तिथला पारंपरिक राजा. झालं, युरोपात ओरड, आम्ही देशाला दिलं होतं राजाला नाही. माझं विचाराल तर चोरलेली वस्तू परत करताना तिचं पुढे काय करायचं हे सांगायचा हक्क परत करणाऱ्याला नसतो.

## जे परत येतच नाही

युफ्रोनियोसचं भांडं इटलीत परत आलं, दुरुस्त केलेलं, झळाळतं. पण ते ज्या थडग्यात होतं तिथे आणखी काय होतं? कुणाला पुरलं होतं, बाईला की माणसाला, श्रीमंत होता की एखादा व्यापारी, हे ग्रीक भांडं त्याच्या उशाशी होतं की पायाशी, शेजारी काय ठेवलं होतं? रात्री घाईघाईने उतरलेल्या माणसांनी विकण्याजोगं काढलं आणि बाकी तुडवलं. पुरातत्त्ववाले महिनोन्‌महिने ब्रशने माती बाजूला करतात ते भांड्यासाठी कमी आणि या बाकीच्यासाठी जास्त. भांड्याचा पत्ता हीच निम्मी माहिती असते, आणि ती खोदतानाच मेली की कुठलं कोर्ट ती परत मिळवून देऊ शकत नाही.

कोर्टाची अडचणही इथेच सुरू होते. श्रीपुरंतानला फोटो होता, कोह केरला पाय होते. मातीतून थेट निघालेल्या वस्तूला दोन्ही नसतं. ती कुठल्या देशातली हेच कसं सिद्ध करणार, रोमन साम्राज्याच्या जमिनीवर आज डझनावारी देश आहेत.

सेव्सो खजिना म्हणून प्रसिद्ध असलेली चांदीची १४ उशिरा-रोमन भांडी आहेत, १९९० मध्ये न्यूयॉर्कला लिलावाच्या निमित्ताने जगासमोर आली, सोबत लेबनॉनची एक्स्पोर्टची कागदपत्रं, जी खोटी निघाली. लेबनॉनने दावा केला, मागाहून मागे घेतला. हंगेरीने केला, युगोस्लाव्हियाने केला, देश फुटल्यावर तो क्रोएशियाकडे आला. हंगेरीचं म्हणणं होतं की १९७० च्या दशकात एका तरुण मजुराला ही भांडी आमच्याकडे सापडली, तो १९८० मध्ये मेलेला आढळला, आणि शिवाय एका ताटावर पेल्सो असं कोरलंय, जे हंगेरीतल्या बालाटोन तलावाचं रोमन काळातलं नाव आहे. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने ठरवलं की कुणाचंच सिद्ध होत नाही, म्हणून भांडी ज्या इंग्लिश लॉर्डकडे होती त्याच्याकडेच. पण डागाळलेला माल उघडपणे घेणार कोण, लिलाववाले हात लावेनात, त्यामुळे ती वर्षानुवर्षं कपाटात बंद. शेवटी हंगेरी सरकारनेच २०१४ मध्ये सात भांडी दीड कोटी युरोला आणि २०१७ मध्ये उरलेली सात २ कोटी ८० लाख युरोला घेतली. हंगेरीचं म्हणणं आजही तेच आहे की ती आमचीच होती, आणि हे ४ कोटी ३० लाख युरो वस्तूंची किंमत म्हणून नाही तर ती परत मिळवायचा खर्च म्हणून दिले.